भर उन्हातली रात्र

डोळ्यांआधी कान जागे होतात. कुईं... कर्र... कुईं. विहिरीवर रहाट फिरतोय, बैल गोल चालतोय आणि पाटातून पाणी केळीच्या वाफ्यांकडे निघालंय. तुम्ही अंथरुणातच आहात. वय दहा. अंगात खाकी चड्डी, पाय अनवाणी, उशाशी विझवलेला कंदील. चुलीपाशी लाल लुगड्यातली म्हातारी तुमच्यावर ओरडते आहे आणि त्यातलं एक अक्षर तुम्हाला कळत नाही, कारण ती सामवेदी बोली बोलते. चार दिवसांत कळायला लागेल. मी तिचं बोलणं इथे पुस्तकी मराठीत उतरवतोय. तिला वाचून दाखवलं असतं, तर पदर तोंडाला लावून हसली असती.

वसई तालुका, ठाणे जिल्हा, मुंबई राज्य. बुधवार, २३ फेब्रुवारी १९५५. आज राखेचा बुधवार.

अंधारातच तुम्ही नंदाखालच्या देवळाकडे चालायला लागता. हो, देऊळच. इथली म्हातारी माणसं चर्चला देऊळ म्हणतात आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही. आजीने घोटभर पाणीसुद्धा घेतलेलं नाही. कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, हा तिच्या लहानपणापासूनचा दंडक. दोन वर्षांपूर्वी, १९५३ साली, पोपसाहेबांनी पाण्याने उपास मोडत नाही असं जाहीर केलं. फादरनी ते वेदीवरून समजावूनही सांगितलं. "त्यांचं चालत असेल," आजी म्हणते, "माझं नाही चालत."

फादरांचा अंगठा तुमच्या कपाळावर टेकतो. राख थंड आणि खरखरीत आहे. तू माती आहेस आणि मातीतच जाणार, असं ते लॅटिनमध्ये पुटपुटतात. शब्द कोणाला कळत नाहीत, अर्थ सगळ्यांना पाठ आहे. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या, वर्षभर दारावर खोचून ठेवलेल्या, धुराने काळवंडलेल्या झावळ्या परत मागवून जाळतात. तुमच्या कपाळावर कोणाच्या दारावरची झावळी आहे, कोण सांगणार?

त्या दिवसापासून घराची चव बदलते. मटण बंद, कोंबडी बंद. शुक्रवारी मांस वर्ज्य असतंच, पण या घराने चाळीसही दिवस सोडलंय. मासळी मात्र चालते, आणि समुद्र जवळ असलेल्या मुलखात हा उपवास किती कडक म्हणायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. खरा त्याग आजोबांचा. त्यांनी विडी सोडली आहे आणि त्याची शिक्षा सगळं घर भोगतंय. दारूचं काय, हे विचारू नका. राज्यात दारूबंदी आहे, वेदीवरच्या द्राक्षारसाला तेवढी कायद्याने सूट. लग्नंही थांबली आहेत. गेल्या महिन्यात गावात वाजंत्री थकली होती. आता ईस्टर होईपर्यंत मांडव नाही, गाणी नाहीत, आणि शेजारच्या घरातली ठरलेली नवरी खिडकीतून दिवस मोजते आहे.

काम मात्र थांबत नाही. पहाटे भाजीच्या टोपल्या बसीन रोड स्टेशनकडे निघतात, मुंबईची गाडी गाठायची असते. पानवेलीला पाणी हवं, केळीला पाणी हवं. उपवासाला देव बघतो, वेलीला कोण बघणार, असं तुमचा काका म्हणतो आणि आजीची चापट खातो.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट. भिंतीवर चौदा चित्रं, प्रत्येकापुढे गुडघे. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या चित्रात येशू पडतो. नवव्यापर्यंत तुमचेही गुडघे सोललेले असतात. घरी आल्यावर रोझरी. कंदिलाभोवती अख्खं घर, आणि डुलकी लागली की आजीची जपमाळ तुमच्या पोटरीला बरोबर लागते. शेवटी लहान मोठ्यांच्या पाया पडतात, आशीर्वाद घेतात, आणि मगच भाकरी.

पण उपवासाचे हे दिवस मला हवेत ते त्यानंतरच्या तासासाठी. ताटं उचलली की आजोबा पेटीतून एक पुस्तक काढतात. पानं पिवळी, पुठ्ठा सुताने शिवलेला. तुम्ही डोकावता. अक्षरं रोमन आहेत, आणि आजोबा वाचायला लागतात तर ती मराठी! जुनी, उत्तर कोकणातली, ओवीच्या चालीवर डुलणारी. फ्रांसिस्को वाझ दि गिमारायश या पाद्र्याने रचलेलं पुराण, १६५९ सालचं, येशूच्या दुःखसहनाचं आणि मरणाचं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण त्याच्या आधीचं, १६१६ चं. त्याचं नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतं तरी माहीत असतं. या दुसऱ्या पुराणाला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली नाही. त्याची जागा इथे होती, वसईपासून मुंबईपर्यंतच्या ओसऱ्यांवर, उपवासाच्या रात्रींत.

ऐका नीट. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. किल्ल्यातली देवळं ओस पडली, गोरे पाद्री निघून गेले, आणि मागे राहिलेल्या कुणब्या-माळ्यांच्या घरांत विश्वास टिकला तो बराचसा अशा कंदिलापाशी, पाठ केलेल्या ओव्यांवर. हे मी आत्ता सांगतोय. आजोबा असं काही बोलत नाहीत. त्यांना पेत्राने येशूला नाकारल्याची ओवी आली की खोकला येतो, दर वर्षी, नेमका तिथेच.

मार्च सरतो. होळी होऊन गेली, पलीकडच्या आळीतल्या पोरांनी तुमच्या सदऱ्यावर टाकलेला रंग अजून गेलेला नाही. २७ मार्चच्या रविवारी देवळात जाता तर सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडात बांधलेल्या. क्रूससुद्धा. तुमच्या बहिणीला, ती चार वर्षांची, वाटतं की देव झोपलेत. त्याच आठवड्यात कुमसाराची रांग लागते, वर्षातून एकदा तरी पापं सांगायचीच. तुमच्याकडे सांगण्यासारखी तीनच आहेत, त्यातली दोन बोरांच्या चोरीची. चौथं, म्हणजे तुम्ही इथले नाही आहात, हे तुम्ही जाळीतून सांगत नाही.

३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. माडाच्या कोवळ्या पात्या, पिवळसर, ओलसर वासाच्या. काका पाच मिनिटांत पातीचा क्रूस वळतो, तुमचा चार वेळा सुटतो. मिरवणूक देवळाला वळसा घालून दाराशी येते आणि दार बंद! आतून काही जण गातात, बाहेरून बाकीचे. मग क्रूस धरणारा पुढे होतो आणि क्रुसाच्या दांड्याच्या टोकाने दारावर ठोठावतो. लाकडावर लाकूड. दार करकरत उघडतं आणि झावळ्यांचं रान आत शिरतं.

नीट पाहून घ्या, कारण हे तुम्ही शेवटचं पाहताय. या गर्दीत हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. येत्या १६ नोव्हेंबरला रोममधून बाराव्या पायसचा हुकूम निघेल आणि पुढच्या वर्षीपासून या सबंध आठवड्याची घडी बदलेल. दारावरचं ठोठावणं जाईल. काही वर्षांनी लॅटिनही जाईल, फादर वेदीकडचं तोंड वळवून तुमच्याकडे करतील आणि मराठीत बोलतील. आजीला सांगावंसं वाटतं. पण पाण्याच्या एका घोटाचं तिने काय केलं ते आठवून तुम्ही गप्प बसता.

गुरुवारी सकाळी मिस्सेत ग्लोरिया म्हणताना सगळ्या घंटा एकदम वाजतात, आणि मग गप्प. शनिवारपर्यंत एकही घंटा वाजायची नाही. पोरांच्या हातात लाकडी खटखट येते. ती फिरवत वाडीवाडीतून हाकारे घालायचं काम तुमचं, आणि चाळीस दिवसांतली ही एकमेव मौज. सकाळ, दुपार, संध्याकाळ ज्या घंटेवर घर चालतं ती नसली की माणसं चुकल्यासारखी आभाळाकडे बघतात.

वसईच्या घंटांचं एक वेगळंच आहे. चिमाजीअप्पांच्या स्वारीनंतर इथल्या कित्येक घंटा घाटावर गेल्या. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर टांगलेली, नाशिकला नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची. त्या काही आजच्या गुरुवारी गप्प बसलेल्या नाहीत. याचा राग धरावा की गंमत वाटावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आजोबांना विचारलंत तर म्हणतील, वाजते आहे ना, मग झालं.

शुक्रवारी जाग येते ती शांततेने. रहाट थांबलाय. बैल गोठ्यात उभा, गोंधळलेला. आज टोपल्या स्टेशनवर जाणार नाहीत, घरात कोणी केस विंचरणार नाही, आरशावर आजीने पंचा टाकलाय. तुम्ही हसलात तर काका नुसता बघतो आणि हसू घशात राहतं. जेवायला तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, तीही एकदाच.

सकाळच्या विधीला फादर काळ्या झग्यात येतात आणि वेदीपुढे पालथे पडतात. क्रुसावरचं जांभळं कापड तीन टप्प्यांत उतरतं, आधी वरचं टोक, मग उजवा हात, मग सगळा. आज कम्युनियन फक्त फादरांना. पण खरी गर्दी दुपारी लोटते. अनवाणी, तापलेल्या धुळीतून, कडेवर पोरं घेऊन गावंच्या गावं येतात. व्यासपीठावरून फादर मराठीत तो सगळा दिवस सांगतात, तास दीड तास, आणि बायका खरोखर रडतात. रडतात त्या फक्त येशूसाठी असं मला वाटत नाही. तुमच्या पुढे बसलेल्या बाईचा मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला. मारियेच्या मांडीवरच्या लेकराचं वर्णन सुरू होतं तेव्हा तिच्या खांद्यावर दोन्ही बाजूंनी दोन हात येतात, न बोलता. मग मृत येशूची मूर्ती तिरडीसारख्या पालखीवर निघते, मागे काळ्या बुरख्यातली दुःखी माता. पुढे घंटेऐवजी तीच लाकडी खटखट. काल ती तुम्ही खेळण्यासारखी फिरवली होती. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली आहे. चंद्र उशिरा, लालसर, माडांमागून वर येतो, आणि लोक न बोलता आपापल्या वाडीकडे फुटतात.

आणि आता शनिवार, ९ एप्रिल. ज्यासाठी तुम्हाला इथवर आणलं तो दिवस.

सकाळी देवळात जाता तर काल जिथे मुंगीला जागा नव्हती तिथे जेमतेम तीस माणसं. म्हाताऱ्या बायका, घंटा वाजवणारा, चार पोरं. बाकी गाव कामाला लागलंय. घरं सारवायचीत, तांदूळ दळायचेत, शुक्रवारच्या राहिलेल्या टोपल्या भरायच्यात. दाराबाहेर गारगोटीवर ठिणगी पाडून नवा विस्तव पेटवतात. एका वेताला तीन मेणबत्त्या. एक पेटते, सगळे गुडघे टेकतात, चार पावलं पुढे, दुसरी, पुन्हा गुडघे, मग तिसरी. अंधारात उजेड शिरतो आहे, असा त्याचा अर्थ. पण अंधार कुठाय? सकाळचं ऊन खिडक्यांतून आडवं पडलंय आणि तीनही ज्योती नीट दिसतसुद्धा नाहीत. फादर मोठ्या पास्का मेणबत्तीपाशी उभे राहून लॅटिनमध्ये लांबलचक स्तवन गातात. ते आहे रात्रीचं, येशू उठला त्या रात्रीचं, पुन्हा पुन्हा तिचंच नाव. बाहेर कावळे ओरडतायत, कोणीतरी सायकलची घंटी वाजवत जातंय.

शेकडो वर्षांत ही रात्र हळूहळू सरकत सकाळपर्यंत येऊन बसली होती, आणि वर्षातला सगळ्यात मोठा विधी रिकाम्या देवळांत उरकला जात होता. पोपसाहेबांचा हुकूम निघाला तो याचसाठी. पुढल्या वर्षी रात्र रात्री होईल आणि देऊळ भरेल. योग्यच झालं. तरीही या उन्हात उभं राहून, बारा वाचनं ऐकत, तुम्हाला त्या न दिसणाऱ्या ज्योतींबद्दल थोडी माया वाटली तर मी दोष देणार नाही. शेजारी आजी डोळे मिटून बसली आहे. तिच्यापुरती रात्र आहेच.

फादर पाण्यावर श्वास सोडतात, त्यात मेणबत्ती बुडवतात. मग ग्लोरिया. घंटा! सगळ्या एकदम, दोन दिवसांच्या अबोल्यानंतर, आणि मूर्तींवरची जांभळी कापडं खाली येतात. तुमची बहीण सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "उठले!"

आजी बाटलीत आशीर्वादाचं पाणी भरून घेते. वाटेत थोडं विहिरीत, थोडं पानवेलीच्या मांडवावर, चार थेंब बैलाच्या कपाळावर. बैल कान हलवतो. अंगणात चूल पेटलेली, सांदणांचं पीठ फुगलेलं, आणि डालग्याखाली दोन दिवसांपासून कोंडलेली कोंबडी. उपवास संपतो दुपारी बाराला, त्याआधी नाही. घरात घड्याळ नाही. आजोबा कानावर विडी ठेवून बसलेत, न पेटवलेली. सगळ्यांची नजर विहिरीच्या काठावर, जिथे माडाची सावली पायरीकडे सरकते आहे.

"झाले बारा," काका म्हणतो.

"घंटा कुठे वाजली?" आजी.

सावली पायरीला लागते. कोणी बोलत नाही. आणि मग लांबून, केळीच्या पानांवरून, पहिला ठोका येतो. आजोबांची काडी ओढली जाते. आजी डालगं उचलते. कोंबडी क्षणभर उन्हात तशीच उभी राहते, मग आजीच्या हाताखालून निसटून वाडीत शिरते.

"अरे बघतोस काय, धर!"

तुम्ही ओल्या वाफ्यांतून, चिखल उडवत, तिच्या मागे धावत सुटता.