विद्यार्थी-भोजन : ठाणे, कल्याण–डोंबिवली (इतिहास व संशोधन)

महाविद्यालयीन मुलामुलींनी शिकण्याच्या काळात कुठे, काय, कोणाच्या पंगतीला आणि कोणाच्या खर्चाने खाल्ले, याचा अभ्यास. पुण्यात हा इतिहास वसतिगृहांच्या मेसमध्ये शोधता येतो. ठाणे आणि कल्याण–डोंबिवलीत तो मुख्यतः डब्यात आहे. इथले बहुतेक विद्यार्थी घरी राहून लोकलने ये-जा करणारे. त्यामुळे महाविद्यालयाच्या कचेरीत मिळाले तर कॅन्टीनच्या ठेक्याचे कागद मिळतात. पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या आई, आजी, वहिनी यांचा त्यात उल्लेख नसतो. केवळ संस्थेच्या दप्तरावर विसंबून लिहिलेला इतिहास म्हणूनच अपुरा राहतो.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून शिकत. ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरती होती. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा मुलांना घर दिले. इतर समाजांसाठी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, पण ती बहुतांशी जातवार होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. महाराष्ट्रातील विद्यार्थी-भोजनाच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही. कोण काय जेवले याइतकेच कोण कोणाशेजारी बसले हे महत्त्वाचे असते, आणि ठाण्या-कल्याणच्या अभ्यासातही हा प्रश्न सोडता येत नाही.

स्थानिक क्रम : रेल्वे ठाण्यात १८५३ साली आणि कल्याणला १८५४ साली आली, महाविद्यालयांना त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला. तोवर इथली मुले मुंबईला शिकायला जात. रुईया (१९३७), पोदार (१९४१) या महाविद्यालयांमुळे माटुंगा त्यांच्या परिचयाचे झाले. तिथल्या उडुपी खाणावळी, विशेषतः १९४२ पासूनचे रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग, या इतिहासात धरायला हव्यात. पुढे उल्हासनगरला चांदीबाई (१९६५), ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे (१९६९) आणि कल्याणला बिर्ला (१९७२) ही महाविद्यालये निघाली आणि अनेकांचा मुंबईपर्यंतचा गाडीचा प्रवास वाचला. सकाळच्या सत्रातली मुले जेवायला घरी पोचू लागली. मधल्या भुकेला वडापाव, समोसापाव आणि कटिंग चहा पुरे झाला. ठाण्याची मामलेदार मिसळ, कल्याणचा घराच्या खिडकीतून विकला जाऊ लागलेला खिडकी वडा, उल्हासनगरच्या सिंधी वस्तीतले दाल-पकवान ही विद्यार्थ्यांनीही जोपासलेली ठिकाणे आणि चवी. डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्रांनी नोकरदार बाईचा भार हलका केला. तिच्या मुलांच्या डब्यातही त्याच पोळ्या गेल्या.

साधने : वार्षिक अंकांपासून सुरुवात करावी. त्यातले ललित लेख, व्यंगचित्रे आणि विशेषतः जाहिरातींची पाने यांत खाणावळी, त्यांचे पत्ते, कधी थाळीचे दरही मिळतात. स्नेहसंमेलनाच्या हिशेबवह्या, कॅन्टीनच्या निविदा, दरपत्रके, कूपने, विद्यार्थी संघटनांची दरवाढविरोधी पत्रके हेही जपून पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आवारात जंक फूड नको असे कळवले. त्याआधीची आणि नंतरची दरपत्रके शेजारी ठेवली तर आदेश कितपत पाळला गेला ते कळते. स्थानिक वृत्तपत्रांसाठी आणि स्मरणिकांसाठी कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) गाठावे.

मुलाखतींना पर्याय नाही. ‘कॉलेजात काय खायचात?’ असे विचारले की सगळे वडापाव सांगतात. डबा कोण भरायचे, तो कुठे बसून उघडायचे, कोणाचा डबा कोणी खात नसे, मुलींना कॅन्टीनमध्ये बसायला संकोच वाटायचा का, महिनाअखेरीस उधारी कोण लिहून ठेवायचे, असे विचारले तर माणसे बोलू लागतात. कॅन्टीनमधला आचारी, खाणावळीची मालकीण आणि डबा करणारी आई यांच्या मुलाखती माजी विद्यार्थ्यांइतक्याच, किंबहुना आधी घ्याव्यात. त्यांचे वय थांबत नाही.

वसतिगृहे : शहापूर, मुरबाडकडून येणाऱ्या आदिवासी मुलामुलींचा अनुभव यापेक्षा वेगळा, घरचा डबा त्यांच्या वाट्याला येत नाही. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये शासकीय वसतिगृहांतील भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात देण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांना शिजवलेले अन्न हवे होते. अशा ठिकाणी भोजननोंदवहीची जागा पासबुकाने घेतली. पासबुकात रक्कम दिसते, ताट दिसत नाही. त्यासाठी त्या मुलांनाच भेटावे लागते.