कोट, फोर्ट आणि टाउन : मुंबईच्या गाभ्याची नावे व त्यांच्या सीमा

मोठ्या शहराचा गाभा कोठे आहे हा प्रश्न नकाशा पुढे ठेवला की सुटावा, असे सकृद्दर्शनी वाटते. मुंबईच्या बाबतीत मात्र तो तसा सुटत नाही. बोरिवली १९५७ पासून मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तरीही तेथील जुना रहिवासी चर्चगेटची गाडी पकडण्यासाठी घराबाहेर पडताना ‘जरा मुंबईला जाऊन येतो’ असेच सांगतो. वांद्र्याचा महाविद्यालयीन तरुण त्याच प्रवासाला ‘टाउनला जाणे’ म्हणतो. गिरगावातील जुन्या पिढीच्या तोंडी ‘कोट’ हा शब्द होता. आणि मराठवाड्यातून कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेल्या शेतकऱ्याची मुंबई म्हणजे बोरीबंदर आणि मंत्रालय यांमधला रस्ता. चौघेही थोड्याफार फरकाने बेटाच्या दक्षिण टोकाकडेच बोट दाखवितात. परंतु ते टोक कोठे सुरू होते याविषयी त्यांचे एकमत होणार नाही. या मतभेदाला दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो शब्दांत बऱ्यापैकी टिकून राहिला आहे.

मराठीत ‘कोट’ म्हणजे तट, आणि लक्षणेने तटाने वेढलेली जागा. ‘गडकोट’, ‘परकोट’ या सामासिक शब्दांत तो अर्थ आजही स्पष्ट आहे. मुंबईतील इंग्रजांच्या वस्तीभोवतीचा तट १७१६ च्या सुमारास पुरा झाला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर मुंबईकर व्यापाऱ्यांना धास्ती वाटू लागली आणि तटाबाहेर खंदक खोदण्यासाठी त्यांनी तीस हजार रुपये उभे केले. म्हणजे ज्या भिंतीने पुढे दीर्घ काळ ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ यांची वाटणी केली, तिच्या बळकटीला मराठ्यांचे भय कारणीभूत झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या तटाच्या आत केवळ गोरे राहत होते असे नाही. दक्षिण भागात इंग्रजांची घरे व कचेऱ्या होत्या, तर उत्तरेस बाजार गेटाच्या बाजूस पारशी व गुजराती व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी या उत्तर भागाला भीषण आग लागली. त्यानंतर एतद्देशीयांची वस्ती मोठ्या प्रमाणावर तटाबाहेर सरकली आणि मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी, गिरगाव हे भाग भरत गेले. तटाला लागून तोफांच्या माऱ्यासाठी राखलेले विस्तीर्ण मैदान या दोन वस्त्यांच्या मध्ये पडलेले होते. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल व कूपरेज ही मैदाने त्याचेच तुकडे होत. पारशांच्या गुजरातीत मैदानापलीकडच्या वस्तीला ‘बहारकोट’ असे नावच पडले. हे नाव विचार करण्यासारखे आहे. ज्या भागात शहराची बहुसंख्य प्रजा राहत होती, ज्या भागात बाजार, देवळे, मशिदी आणि तलाव होते, त्या भागाला स्वतःच्या एखाद्या गुणावरून नाव न मिळता, तो कशाच्या बाहेर आहे यावरून मिळाले. गाभा कोणता हे ठरविण्याचा अधिकार भिंतीच्या आतल्यांनी आपल्याकडे ठेवला आणि बाहेरच्यांच्या जिभेनेही तो मान्य केला.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. या शहराचा मराठीतील तो पहिला विस्तृत वृत्तांत होय. योगायोग असा की, तो छापून आला त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत तट पाडण्यास आरंभ झाला होता. कापसाच्या तेजीमुळे शहरात पैशाचा पूर आला होता, आणि भिंतीचा उपयोग संपून तिची अडचण तेवढी उरली होती. तट गेला, खंदक बुजला, दरवाजेही गेले. सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळचा एक अवशेष सोडला तर आज त्या बांधकामाची खूण शोधावी लागते.

परंतु भिंत पडली तरी तिची नावे पडली नाहीत, किंबहुना काही नावे भिंत पडल्यावरच अधिक पसरली. ‘चर्चगेट’ हे रेल्वेस्थानक १८७० चे. म्हणजे ज्या दरवाजावरून त्याला नाव मिळाले तो पाडला गेल्यानंतरचे. मूळ दरवाजा आजच्या हुतात्मा चौकातील कारंज्याच्या जागी होता. स्थानक तेथून बरेच पश्चिमेस आहे. आज चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांच्या मनात ‘गेट’ उभे राहत असेल, हे सांगणे नलगे. ‘फोर्ट’चीही तीच गत झाली. तट नाहीसा झाल्यावरही १८७२ च्या शिरगणतीत ‘फोर्ट उत्तर’ व ‘फोर्ट दक्षिण’ असे विभाग पाडले गेले. जमिनीवरील सीमा पुसली गेली तेव्हा कागदाने ती उचलून धरली.

मराठी बोलण्यात या काळात एक सूक्ष्म पालट झालेला दिसतो. ‘कोट’ला सहजपणे ‘त’ हा प्रत्यय लागे : कोटात दुकान आहे, कोटात गेला आहे. ‘फोर्ट’ला मात्र बहुधा ‘ला’ लागतो : फोर्टला कचेरी आहे, फोर्टला उतरतो. मराठीत स्थळवाचक नामांना ‘त’ आणि ‘ला’ हे दोन्ही प्रत्यय लागत असले, तरी त्यांच्या छटा सारख्या नाहीत. ‘त’ने जागेचा आवाका, तिचे अंतरंग सूचित होते, ‘ला’ने ती जागा प्रवासातील एक ठिकाण बनते. ‘गिरगावात राहतो’ पण ‘दादरला राहतो’, असे भाषिक अनेकदा नकळत म्हणतात. हा काटेकोर नियम नव्हे. ‘परळला’ आणि ‘परळात’ ही दोन्ही रूपे आढळतात. तथापि कल स्पष्ट आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली आणि पुढच्या काळात आगगाडी व ट्राम यांनी शहराची जणू मण्यांची माळ केली. भिंत असताना जी जागा ‘आत’ होती, ती आता एका मार्गाच्या शेवटचा थांबा झाली. ‘कोटात’चे ‘फोर्टला’ झाले ते केवळ इंग्रजी शब्दाच्या शिरकावामुळे नव्हे.

‘टाउन’ या शब्दाचा प्रवास याहूनही वळणाचा आहे. इंग्रजी दप्तरात या शहराचा उल्लेख दीर्घ काळ ‘टाउन अँड आयलंड ऑफ बॉम्बे’ असा होत असे. १८९३-९४ मध्ये छापलेल्या सरकारी साधनग्रंथाच्या शीर्षकात तोच प्रयोग आहे. १९०९-१० च्या गॅझेटियरात मात्र ‘सिटी अँड आयलंड’ असे शब्द आले. तेथे ‘टाउन’ला ‘बेट’ या शब्दाची जोड आहे, म्हणजे बेटावरील दाट वस्तीचा तेवढा भाग ‘टाउन’. परंतु याच इंग्रजांच्या बोलण्यात कोटाबाहेरच्या वस्तीला ‘नेटिव्ह टाउन’ असे म्हणत. त्या प्रयोगात फोर्ट निराळा आणि ‘टाउन’ निराळे! आज उपनगरातील माणूस ‘टाउन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात प्रथम उभा राहतो तो फोर्ट, कुलाबा, मरीन ड्राइव्हचा भाग. भुलेश्वर-काळबादेवी त्याच्या हिशेबी मागाहून येतात. एका शतकात शब्दाने मैदान ओलांडून बाजू बदलली असे म्हणावयास हरकत नाही.

या ‘टाउन’ची उत्तर सीमा कोणती? कुलाब्याचा रहिवासी ती वरळीच्या अलीकडेच आखील. दादरकराला स्वतःचे घर टाउनमध्ये आहे असे सहसा वाटत नाही. उलट वांद्रे-अंधेरीच्या दृष्टीने माहीमच्या खाडीपलीकडचे सारेच टाउन. या शेवटच्या मताला दोन भक्कम आधार आहेत. एक म्हणजे साष्टी आणि मुंबई बेट यांमधील खाडी. तिच्यावरील माहीमचा बांध १८४५ साली खुला झाला. दुसरा आधार वरवर क्षुल्लक वाटणारा : माहीम व शीव यांच्या दक्षिणेस ऑटोरिक्शाला मज्जाव आहे. वांद्र्याहून निघालेल्या प्रवाशाला जेथे रिक्शा सोडून टॅक्सी करावी लागते, तेथे त्याच्या लेखी टाउन सुरू होते. १७१६ च्या दरवाजाचे काम आज वाहतुकीचा एक नियम करीत आहे.

येथे ‘डाउनटाउन’ या अमेरिकन शब्दाचा प्रसंगोपात्त विचार करावयास हवा, कारण अलीकडे तो मुंबईलाही लावला जातो. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन बेटाचे दक्षिण टोक हे जुने व्यापारी शहर. वस्ती उत्तरेस वाढली, म्हणून तिकडे जाणे ‘वर’ आणि जुन्या भागाकडे येणे ‘खाली’. भूरचनेचे साम्य लक्षणीय आहे. परंतु मुंबईच्या लोहमार्गावर दिशा नेमकी उलट आहे : चर्चगेट किंवा बोरीबंदरकडे जाणारी गाडी ‘अप’, तेथून निघणारी ‘डाउन’. मुंबईकर डाउनटाउनला अप गाडीने जातो. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरून लकडी पूल ओलांडून पेठांकडे निघालेला माणूस ‘गावात जातो’ असे म्हणतो; तेथे वर-खाली काहीच नाही, जुने ते गाव एवढाच संकेत आहे. तेव्हा ही नावे दिशेची किंवा क्षेत्राची नसून वक्तृसापेक्ष आहेत. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ या शब्दांप्रमाणे त्यांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरतो.

बाहेरून येणाऱ्यांत कोकणी माणसाची मुंबई सर्वांत वेगळी होती. बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरलेला रत्नागिरीचा तरुण फोर्टकडे वळत नसे; तो लालबाग, परळ, शिवडीच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीवर जाई. त्याच्या घरी ‘मुंबई’ म्हणजे गिरणीचा भोंगा आणि मनिऑर्डर. कोटात राहणाऱ्याला परळ हे शहराचे टोक वाटे, तर सावंतवाडीत परळ हाच शहराचा गाभा होता. दोन मुंबईंमधला हा भेद केवळ बोलण्यातला राहिला नाही. राज्यपुनर्रचनेच्या वादात मुंबई वेगळी ठेवावी असे म्हणणाऱ्या धनिक पक्षाच्या डोळ्यांपुढे पेढ्यांचे आणि बंदराचे शहर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे लोक गिरणगावाची मुंबई सांगत होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी निदर्शकांवर गोळीबार झाला तो फ्लोरा फाउंटनपाशी, म्हणजे जुन्या चर्च गेटाच्या जागीच. गिरणगावातून निघालेले कामगार ज्या ठिकाणी अडविले गेले, तेथे शंभर वर्षांपूर्वी खरोखरीच दरवाजा होता.

त्यानंतरच्या काळात गिरणगावाचाच पाया ढासळला. जानेवारी १९८२ मधील संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि अनेक कुटुंबे डोंबिवली, कल्याण, वसई-विरारकडे गेली. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा झाला व बेटावरील भागाला ‘मुंबई शहर’ हे नाव शासनदरबारी पक्के झाले. २०११ च्या जनगणनेत या ‘शहरा’ची लोकसंख्या सुमारे ३०.८५ लाख आणि ‘उपनगरा’ची सुमारे ९३.५७ लाख भरली. शिवाय २००१ च्या मानाने शहराची संख्या अडीच लाखांनी घटली होती. कचेऱ्याही वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्या. परळच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि घरांच्या जाहिरातींत ‘दक्षिण मुंबई’ची सीमा उत्तरेकडे परळपर्यंत चढू लागली. ज्या काळात परळच्या कामगाराला हा भाग परवडत होता, त्या काळात त्याला कोणी टाउन म्हणत नव्हते.

डोंबिवलीच्या अशा एखाद्या घरात तीन पिढ्यांचे बोलणे कानावर पडले तर प्रत्ययांचा हा इतिहास एका वाक्यात सापडतो. आजी ‘आम्ही मुंबईत होतो तेव्हा’ असा प्रारंभ करते. मुलगा ‘मुंबईला कामाला जातो’ असे सांगतो. आणि नातू सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर ‘टाउनला’ फिरून येतो.