चार्ली बर्ड : आवाज कोणाचा?

आयर्लंडच्या 'आरटीई' या सार्वजनिक प्रसारण संस्थेत चार्ली बर्ड १९७४ साली संशोधक म्हणून आले, १९८० मध्ये वृत्तविभागात गेले आणि २०१२ मध्ये निवृत्त झाले. पडद्यावर कोणाचा आवाज ऐकू येतो आणि कोणाचा नाही, या प्रश्नाच्या अंगाने त्यांची कारकीर्द तपासण्याजोगी आहे.

जानेवारी १९९४ पर्यंत प्रसारण कायद्याच्या कलम ३१ अन्वये शिन फेनच्या प्रतिनिधींच्या मुलाखती प्रक्षेपित करण्यास मनाई होती. तेथे मौन राज्यसंस्थेने लादले होते. १९९८ मध्ये बर्ड आणि जॉर्ज ली यांनी नॅशनल आयरिश बँकेचे गैरव्यवहार उघड केले. तेथे मौन पैशाचे होते.

'स्टारडस्ट'ची कथा याहून वेदनादायी आहे. १४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिनमधील या नृत्यगृहाच्या आगीत ४८ तरुण-तरुणी मृत्युमुखी पडल्या. बर्ड यांनी तिचे वार्तांकन केले. १९८२ च्या चौकशी अहवालाने 'बहुधा जाळपोळ' असा निष्कर्ष काढला. मृतांच्या कामगारवर्गीय कुटुंबांनी तो कधीच मान्य केला नाही आणि बर्ड पुढे त्यांच्या बाजूने उभे राहिले.

२०२१ मध्ये त्यांना मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. वाचा गेली, जुन्या ध्वनिमुद्रणांतून घडविलेल्या कृत्रिम आवाजात ते बोलत राहिले. ११ मार्च २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. १८ एप्रिलला ज्यूरीने ते ४८ मृत्यू बेकायदेशीर हत्या ठरविले. कुटुंबांचा आवाज अखेर ऐकला गेला. तो ऐकायला बर्ड नव्हते.