गाणारे माहीत, वाजवणारे कोण?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं तेव्हा मला आपल्या गच्चीवरच्या कोजागिरीची आठवण झाली. दूध आटेपर्यंत दरवर्षी एकच वाद. रफी की किशोर, लता की आशा. एका वर्षी कोपऱ्यात बसलेले एक काका म्हणाले, "गाणारे तं साऱ्यायले मालूम हायेत. वाजवणारे कोन होते, सांगा बरं?" सगळे गप्प. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते इथे देतो.

१९५२ साली बी. व्ही. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद पडली. रसिकांनी काटा फिरवला तो थेट कोलंबोकडे. रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारची रात्र म्हणजे सणच! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. मग फर्माईशीची पोस्टकार्डं निघाली. एका गाण्यासाठी अख्ख्या कुटुंबाची नावं! निवेदक ती सगळी वाचायचे. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार हेही सांगायचे. वादकांचं नाव मात्र क्वचितच यायचं. रेकॉर्डच्या वेष्टनावरही बहुधा नसायचंच.

हे वादक होते तरी कोण? बरेचसे गोव्याचे. चर्चच्या शाळांतून ते पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला तो भरगच्च व्हायोलिनचा ताफा बांधायचे सेबॅस्टियन डिसोझा. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तल्या ट्रम्पेटमागे चिक चॉकलेट. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचं नाव गाण्यात आलं, तेव्हा आपण समजलो की ते पात्राचं नाव आहे! 'दोस्ती'तला माउथ ऑर्गन वाजवला राहुलदेव बर्मन यांनी, तोही दुसऱ्या संगीतकारासाठी. आणि 'गाइड'मध्ये एका गाण्याला तबला आहे संतूरवाल्या शिवकुमार शर्मांचा.

आपल्या मराठीतही तेच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. गदिमा आणि बाबूजी घराघरात पोचले. बाबूजींच्या साथीला व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते, हे किती घरांना ठाऊक होतं? पुढे 'गाणारं व्हायोलिन' म्हणून त्यांचं नाव झालं, ही समाधानाची गोष्ट.

हे सगळं मी पुढच्या कोजागिरीला सांगितलं. काका ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "मी बी बँडात क्लॅरिनेट वाजवो. रेडिओ आयकून गानं बसवो. लग्नपत्रिकेत साऱ्यायचं नाव राहे, मामाचं, आत्याचं. बँडवाल्याचं काहून राहीन?"

इतकी वर्षं आम्ही एका जिन्याने चढलो-उतरलो, पण हे कोणाला माहीत नव्हतं. यवतमाळात कितीतरी लोक ज्या वरातीत नाचले, तिथे क्लॅरिनेटवर आपले काका असतील!

आता दम लागतो म्हणून ते वाजवत नाहीत. पण सोबतच्या वादकांची नावं त्यांना अजून पाठ आहेत. सोसायटीतल्या मुलांना एकच विनंती. एक वही घ्या, संध्याकाळी त्यांच्याकडे जा आणि ती नावं लिहून घ्या.