तिसऱ्या पेटीतले मत

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा मतदाराला मतपत्रिकेवर शिक्का मारावा लागत नसे. मतदानकेंद्रात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी मांडलेली असे, तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले असे, आणि मतदाराने आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकावयाची, एवढेच. बैलजोडीची पेटी काँग्रेसची, हे निरक्षर म्हातारीलाही ठाऊक होते. परंतु शेजारच्या तिसऱ्या-चौथ्या पेटीत मत टाकले तर ते वाया जाते काय, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या घराघरांत निघत आला आहे. आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाला तर "जो निवडून येणार त्यालाच मत द्या" हा सल्ला हटकून मिळतो. तो कितपत खरा आहे, हे आम्ही सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासावर घासून पाहू इच्छितो.

हे दोन जिल्हे मुळात एकाच घरातले. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी विभागणी झाली आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले ते याच भूमीत. ज्या गावांनी ब्रिटिश सत्तेला पर्याय उभा करून दाखविला, त्या गावांना स्वराज्यात एकाच पक्षाचे राज्य निमूट मान्य होणे कठीणच होते. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढला, तेव्हा नाना पाटीलही त्यांच्यासमवेत होते.

परंतु १९५२ च्या निकालाने या मंडळींचे डोळे उघडले. मुंबई राज्याच्या विधानसभेच्या ३१५ जागांपैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या. शेकापच्या वाट्याला आल्या अवघ्या १४. काँग्रेसला पडलेली मते मात्र सुमारे निम्मीच होती. म्हणजे निम्म्या मतांवर शंभरातील पंच्याऐंशी जागा! उरलेली निम्मी मते शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि अपक्ष यांच्या पेट्यांत विखुरली गेली. ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, हा आपल्या निवडणुकीचा नियम विखुरलेल्यांना क्षमा करीत नाही. मोरिस द्युव्हेर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने १९५१ साली असे प्रतिपादन केले होते, की या पद्धतीत मतदार हळूहळू दोन मोठ्या पक्षांकडे ओढला जातो; कारण आपले मत फुकट जाईल, अशी धास्ती त्याला वाटत राहते.

मग पाच वर्षांत असे काय घडले, की तेच मतदार धास्ती विसरले? १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, फेडरेशन या एकमेकांशी न पटणाऱ्या पक्षांनी एक मागणी आणि एका जागी एक उमेदवार हे सूत्र धरले. १९५७ साली साताऱ्याने नाना पाटलांना लोकसभेत पाठविले. या वेळी ते कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार होते. विधानसभेत शेकापचे संख्याबळ १४ वरून ३१ वर गेले. खुद्द द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना कराडमध्ये शेकापच्या केशवराव पवारांविरुद्ध निसटता विजय मिळाला.

कराडची ही निवडणूक आमच्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. रूढ हिशेबाने पाहिले तर पवारांना दिलेली मते वाया गेली; जागा यशवंतरावांनाच मिळाली. पण मुख्यमंत्र्याच्याच मतदारसंघात भाषिक राज्याची मागणी एवढी बळावलेली आहे, हे त्या मतांनी सांगितले आणि ते दिल्लीपर्यंत पोहोचले. तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जन्मास आले. हरलेल्या पेटीतल्या मतांचाही त्या जन्मात वाटा होता, असे आम्ही मानतो.

पुढची गोष्ट तितकी सुखावह नाही. मागणी पूर्ण झाली आणि समिती मोडली. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाने शेकापची अनेक माणसे काँग्रेसमध्ये ओढून घेतली. १९६२ साली काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या, शेकाप १५ वर आला. मोठा पक्ष लहान पक्षाची मागणी उचलतो, आणि पाठोपाठ त्याची माणसेही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांसारखा एखादाच शेवटपर्यंत जागचा हलला नाही. लोकांनी त्यांना शेकापच्याच नावावर अकरा वेळा विधानसभेत पाठविले.

दुसरा धडा १९९५ चा. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला आटपाडी, जत, कवठे महांकाळ हे कायमचे दुष्काळी तालुके. पश्चिमेला कृष्णेकाठचा हिरवागार ऊस. एकाच जिल्ह्यातले हे दोन देश. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या होत्या. अशा हवेत १९९५ ची निवडणूक झाली. राज्यात ४५ अपक्ष निवडून आले आणि काँग्रेस ८० जागांवर अडकली. सांगली जिल्ह्यातून संपतराव देशमुख, अजितराव घोरपडे यांच्यासारखे अपक्ष विधानसभेत गेले. शिवसेना-भाजप युतीला बहुमतासाठी अपक्षांची गरज होती. सांगलीच्या अपक्षांनी पाठिंब्याच्या बदल्यात पाणी मागितले. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू योजनेचे काम सुरू झाले. सातारा जिल्ह्यातील टेंभू गावाजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते सांगलीच्या दुष्काळी भागात न्यावयाचे, अशी ती योजना. पाणी शिवारात पोहोचण्यास पुढे अनेक वर्षे लागली, हे खरे. पण मोठ्या पक्षांच्या भांडणात दुष्काळी तालुक्यांना प्रथमच तराजूची दांडी हाती लागली होती.

तिसरा धडा कडू आहे. १९९६ साली साताऱ्यात उदयनराजे भोसले लोकसभेला अपक्ष उभे राहिले, काँग्रेसची मते फुटली आणि शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून आले. २०१९ साली सांगलीत भाजपचे संजयकाका पाटील सुमारे १ लाख ६४ हजार मतांनी विजयी झाले; तिसऱ्या क्रमांकावरील वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला ३ लाखांवर मते होती, आणि त्या उमेदवाराने त्याच वर्षी भाजपमध्ये प्रवेश केला. २०२४ साली साताऱ्यात ३२,७७१ मतांनी निकाल लागला. तेथे पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला ३७,०६२ मते पडली, आणि ती तुतारी समजून दिली गेली, अशी तक्रार हरलेल्या पक्षाने केली. त्याच वर्षी सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून लाखाच्या फरकाने जिंकले, हे खरे. पण त्यांच्यामागे वसंतदादांचे घराणे आणि जिल्ह्यातील काँग्रेसचे कार्यकर्ते होते. चिन्ह नवे असले तरी पेटी जुनीच होती.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक नाव आठवते. सिसिलीतील धर्मगुरू लुइजी स्टुर्झो यांनी १९१९ साली इटलीत लोकपक्ष स्थापन केला. उदारमतवादी आणि समाजवादी यांच्यामधला तो तिसरा मार्ग होता. त्याच वर्षी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आल्याने त्याला ५०८ पैकी १०० जागा मिळाल्या. मुसोलिनीच्या राजवटीत स्टुर्झो परागंदा झाले आणि १९२६ साली पक्षावर बंदी आली. तरी त्याच पक्षातील आल्चिदे दे गास्पेरी दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीचे पंतप्रधान झाले. पराभूत पक्षाने जपलेला विचार वीस वर्षांनी राष्ट्राच्या उपयोगी पडला.

मग तिसऱ्या पेटीत मत टाकावे काय? सातारा-सांगलीचा इतिहास सरसकट होय म्हणत नाही, सरसकट नाहीही म्हणत नाही. तो तीन प्रश्न विचारावयास शिकवितो. या उमेदवाराच्या पाठीशी एखादी स्पष्ट मागणी आणि चळवळ आहे काय? समविचारी पक्षांनी एकत्र येऊन जागा वाटून घेतल्या आहेत, की प्रत्येकाने आपापली चूल मांडली आहे? आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा उमेदवार कोठे उभा असेल? १९५७ ला या प्रश्नांची उत्तरे होती, १९९५ ला बऱ्याच अंशी होती. इतर वेळी ती नव्हती.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली नागरिकांना स्मरण दिले, की मत हा हक्क आहे तसेच कर्तव्यही आहे आणि ते सर्वांच्या हितासाठी मुक्तपणे वापरावयाचे आहे. केवळ जिंकणाऱ्याच्या मागे जाणे ही त्या मुक्ततेची खूण नव्हे. आणि केवळ रागापोटी मत फेकून देणे ही देखील नव्हे. पेरणाऱ्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बी तेच असते, पण ते वाटेवर पडले की चांगल्या जमिनीत, यावर पीक ठरते. मत देण्यापूर्वी जमीन पाहून घ्यावी, इतकेच आमचे सांगणे आहे.