आपला संघ कोणता?

आमच्या चांदवडच्या रंगमहालाला लोक होळकर वाडाही म्हणतात. अहिल्याबाईंच्या आठवणी सांगणारं हे गाव. होळकरांची टांकसाळही इथं होती. या वाड्याचा क्रिकेटशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरात तो आजोबांनी जोडला.

१९४५ सालचा मार्च. रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर होता, मुंबई विरुद्ध होळकर. होळकर म्हणजे इंदूर संस्थानचा संघ. आपल्या गावाच्या धन्याचा संघ, एवढ्या नात्यावर आजोबा दहा वर्षांच्या अब्बांना घेऊन निघाले. मनमाडपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे रात्रीची पॅसेंजर आणि फडक्यात भाकरी-चटणी.

त्या काळी मुंबईत खरी झुंबड उडायची ती पंचरंगी सामन्यांना. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ आणि १९३७ पासून उरलेल्यांचा ‘रेस्ट’ हा पाचवा. ही धर्मवार वाटणी महात्मा गांधींना पसंत नव्हती. १९४० मध्ये त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. तरी गर्दी हटली नाही. १९४४ चा हिंदू-मुस्लिम अंतिम सामना मुस्लिम संघानं अवघ्या एका गड्यानं जिंकला, के. सी. इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिले. “तो सामना सोडलात आणि हा बघायला निघालात?” असं गावात कुणी तरी विचारलं. आजोबा म्हणाले, “तिथं मी कुणाच्या बाजूनं बसायचं, हे आधीच ठरलेलं असतं. इथं माझं मी ठरवीन.”

होळकर संघाचे कर्णधार होते सी. के. नायडू आणि त्यांच्या हाताखाली मुश्ताक अली. पंचरंगीत एक हिंदू संघाचा, दुसरा मुस्लिम संघाचा. इथं दोघांची टोपी एक. सामना सहा दिवस चालला, २०७८ धावा झाल्या. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं काढली. लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळले आणि २४९ धावांवर नाबाद राहिले. पण विजय मर्चंटांच्या २७८ धावांपुढे सारं कमी पडलं. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. आजोबा होळकरांचे म्हणून गेले होते, तसेच परत आले. अब्बा मात्र येताना मर्चंटांचे आणि मुंबईचे होऊन आले!

रणजीच्या नकाशावर आमचा नाशिक जिल्हा महाराष्ट्र संघात मोडतो. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्या संघानं लागोपाठ दोनदा करंडक जिंकलाही होता. अब्बांना ते सगळं मान्य होतं, पण जीव मुंबईवर. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईनं करंडक सोडला नाही, तेव्हा वर्तमानपत्र हाती आलं की अब्बा आधी खेळाचं पान उघडत.

१९९१ च्या मे महिन्यात मी बी.ए.ची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. वानखेडेवर मुंबई-हरियाणा अंतिम सामना सुरू होता. शेवटच्या दिवशी, ७ मे रोजी, अब्बांनी मला पहाटेच उठवलं. एस.टी.नं मनमाड, तिथून पंचवटी एक्सप्रेस आणि व्ही.टी.वरून पायीच वानखेडे.

मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या. ३४ धावांत तीन गडी गेले. मग तेंडुलकरनं ९६ धावा झोडपल्या. दुसऱ्या बाजूनं वेंगसरकर उभे होते. नववा गडी बाद झाला तेव्हा अजून पन्नास धावा बाकी. शेवटच्या कुरुविलाला सोबत घेऊन वेंगसरकरांनी सामना ओढत आणला. अब्बांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. तीनशे बावन्नवर कुरुविला धावबाद झाला. हरियाणा दोन धावांनी जिंकला. १३९ वर नाबाद राहिलेल्या वेंगसरकरांना रडू आवरलं नाही.

परतीच्या गाडीत अब्बा इगतपुरीपर्यंत काही बोलले नाहीत. मी म्हटलं, “अब्बा, एवढ्या लांब येऊन तुम्हाला हार बघावी लागली.” ते म्हणाले, “मला आणलं तेव्हा माझ्या अब्बांचा संघ हरला होता. तेही असेच गप्प बसले होते. पण घेऊन आले होते ना!”

पुढे दीड वर्षानं मुंबई दंगलीत होरपळली. त्यानंतर ‘तुमचा संघ कोणता?’ हा प्रश्न मला कितीदा तरी वेगळ्याच सुरात विचारला गेला. अब्बा आता नाहीत. मी चिडत नाही. विचारणाऱ्याला बसवतो, चहा मागवतो आणि त्या दोन धावांची हकीकत पहिल्यापासून सांगतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)