वृद्धांचे संरक्षण व समाजकार्य

वयोमान, आजार, अपंगत्व किंवा आर्थिक परावलंबन यांमुळे स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या वृद्धांची छळ, हेळसांड व फसवणूक यांतून सोडवणूक करणे आणि तसे पुन्हा घडू नये अशी व्यवस्था लावणे, हे समाजकार्याचे एक महत्त्वाचे क्षेत्र आहे. भारतीय कायद्यानुसार ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. २०११ च्या जनगणनेत देशात अशा व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या. वृद्धांचा मुख्य आधार कुटुंब असते आणि छळही बहुधा घरातच होतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच हातचे जेवण जेवायचे असल्यामुळे तक्रार करणे वृद्धांना जड जाते. या क्षेत्रातील सारी कार्यपद्धती ही अडचण ओळखून बांधलेली आहे.

प्रकार : मारहाण, कोंडून किंवा बांधून ठेवणे हा शारीरिक छळ, टाकून बोलणे, अबोला धरणे, नातवंडांना भेटू न देणे हा मानसिक छळ. लैंगिक अत्याचार वृद्धांवरही होतात आणि ते सर्वांत जास्त दडपले जातात. आर्थिक छळाची रूपे अनेक : निवृत्तिवेतन परस्पर काढून घेणे, फसवून बक्षीसपत्र करून घेणे, पतीच्या निधनानंतर आईकडून घाईघाईने हक्कसोडपत्रावर सही घेणे इत्यादी. हेळसांडीत अन्न, औषधे, स्वच्छता व सोबत यांची वंचना येते. तिची परिसीमा म्हणजे वृद्धाला रुग्णालयात, रेल्वेस्थानकावर किंवा तीर्थक्षेत्री सोडून निघून जाणे.

पूर्वपीठिका : वृद्धांच्या छळाची स्वतंत्र समस्या म्हणून चर्चा १९७५ च्या सुमारास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मधील ठरावाने १५ जून हा दिवस या प्रश्नाच्या जागृतीसाठी मान्य केला. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टने, आधाराची गरज असलेल्या प्रौढाचा छळ होत असल्याची शंका आल्यास चौकशी करण्याचे बंधन स्थानिक प्रशासनावर घातले आहे. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. या संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या साहाय्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याने पीडितेचे म्हणणे ऐकून घ्यायचे, ही पद्धत त्यातून रूढ झाली आणि पुढे राज्यात पसरली.

कायद्याचा आधार : या कामातील प्रमुख साधन म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा अधिनियम. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये केले. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे जातो. वृद्ध स्वतः असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरणाला आपणहूनही दखल घेता येते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून अपवादात्मक प्रकरणी ३० दिवस वाढवून मिळतात. निर्वाहभत्त्याची मर्यादा मूळ कायद्यात दरमहा १०,००० रुपये आहे. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

समाजकल्याण खात्याला या कायद्यात नेमके स्थान आहे. जिल्हा समाजकल्याण अधिकारी किंवा त्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी ‘निर्वाह अधिकारी’ म्हणून नेमला जातो आणि वृद्धाची इच्छा असल्यास न्यायाधिकरणापुढे त्याची बाजू मांडतो. सुनावणीपूर्वी प्रकरण समेटासाठी पाठवता येते. समेट घडवणारी व्यक्ती स्वयंसेवी संस्थेची प्रतिनिधीही असू शकते. केंद्राच्या नमुना नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची, यादी ठेवायची असते आणि शक्यतो समाजकार्यकर्त्याला किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटायचे असते.

कलम २३ मालमत्तेविषयी आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. मात्र तशी अट असल्याचे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून बक्षीसपत्र करण्यापूर्वीच सांभाळाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, हा सल्ला समाजकार्यकर्त्याने प्रत्येक ज्येष्ठाला द्यायला हवा.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा वृद्ध स्त्रियांनाही लागू आहे. २०१६ मध्ये हिरल हरसोरा या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द वगळल्यामुळे घरातील स्त्रीविरुद्धही दाद मागता येते. अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा हक्क कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सांभाळणाराच तिचा छळ किंवा हेळसांड करत असल्याचे आढळल्यास, ते पोलीस ठाण्यात कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवले आहे.

कार्यपद्धती : माहिती शेजारी, बँक कर्मचारी, आशा सेविका किंवा शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक यांच्याकडून येऊ शकते. पहिला प्रश्न जिवाला तातडीचा धोका आहे का, हा. असल्यास पोलीस व वैद्यकीय मदत आधी, नसल्यास गृहभेट.

गृहभेटीत वृद्धाशी एकट्याने बोलणे अत्यावश्यक असते. सून किंवा मुलगा खोलीत उभा असताना ‘सगळं बरं आहे’ यापलीकडे काही बाहेर येत नाही. रक्तदाब मोजायला आलेल्या परिचारिकेसोबत गेले, तर अशी सवड सहज मिळते. नजर बारीक ठेवावी लागते. अंथरूण कुठे आहे, पाण्याचा तांब्या हाताला पोचतो का, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख कधीची आहे, पाठीवर शय्याव्रण आहेत का, मनगटावर वळ आहेत का, हे पाहतात. मग साधे प्रश्न : पासबुक कोणाकडे असते, एटीएम कार्ड कोण वापरते, पेन्शनचे पैसे हातात किती येतात, शेवटचे घराबाहेर कधी गेला होतात? उत्तरे त्याच व्यक्तीच्या शब्दांत, तारीख घालून नोंदवतात. न्यायाधिकरणापुढे ही नोंद मोलाची ठरते.

यानंतर उपायांची आखणी होते. खात्यावरील व्यवहार थांबवणे, औषधोपचार, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, दिवसा सोबतीची सोय, मुलांशी संयुक्त बैठक, गरज पडल्यास न्यायाधिकरण आणि अगदी शेवटी वृद्धाश्रम. ठरलेल्या गोष्टी पाळल्या जातात का, हे पुढच्या भेटींत तपासणे हाही कामाचा भाग आहे. समेटाच्या बैठकीत मान हलवलेला मुलगा दोन महिन्यांनी पैसे देतो आहे का, हे पाहिले नाही तर सारा खटाटोप वाया जातो.

नैतिक पेच : समजून-उमजून निर्णय घेऊ शकणाऱ्या वृद्धाने ‘मला याच घरात राहायचे आहे’ असे सांगितल्यास त्याला उचलून आश्रमात नेणे म्हणजे संरक्षण नव्हे. त्याच घरात धोका कमी करत राहावे लागते. स्मृतिभ्रंशामुळे निर्णयशक्ती क्षीण झाली असली, तरी पूर्वीच्या आवडीनिवडी व आताची इच्छा विचारात घ्यावीच लागते. प्रत्येक हेळसांडीमागे क्रौर्य असतेच असे नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे एकटीने करणारी सून थकून चिडते, तेव्हा तिला विसावा मिळवून देणे हाच सासूच्या संरक्षणाचा खरा मार्ग असतो. सुनेचेही हक्क आहेत. ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर करून तिचा सामायिक घरातील निवासाचा हक्क डावलता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात दिला.

मर्यादा : बालकांच्या संरक्षणासाठी जिल्हा पातळीवर स्वतंत्र यंत्रणा आहे; प्रौढांसाठी तशी यंत्रणा भारतात उभी राहिलेली नाही. निर्वाह अधिकाऱ्यावर खात्याच्या इतर योजनांचाही भार असतो. न्यायाधिकरणाचा आदेश निघाला तरी घरात जाऊन परिस्थिती पाहणारे प्रशिक्षित मनुष्यबळ त्यामागे नसेल, तर वृद्धाच्या ताटात फरक पडत नाही. प्रत्येक तालुक्याला या कामासाठी पूर्णवेळ समाजकार्यकर्ता नेमणे ही आजची सर्वांत निकडीची गरज आहे.

मदत : केंद्र शासनाची ‘एल्डरलाइन’ ही ज्येष्ठांसाठीची निःशुल्क सेवा १४५६७ या क्रमांकावर चालते. तेथे माहिती व मार्गदर्शन मिळते, तसेच छळाच्या व बेघर वृद्धांच्या प्रकरणी प्रत्यक्ष हस्तक्षेपाची सोय आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ वर पोलिसांना कळवता येते. दूरध्वनी वृद्धानेच करायला हवा असे नाही. शंका आलेल्या शेजाऱ्याने तो जरूर करावा.